आईला चष्म्याशिवाय दिसायला लागलं आणि आम्ही खूश झालो (मोतीबिंदूचा धागा)

पूर्णाकाठ
१९ नोव्हेंबर, रात्री ९:१२

गेल्या वर्षी पोळ्याच्या आसपासची गोष्ट. आई ओसरीवर वाकळ शिवत बसली होती. सुईत दोरा ओवायला एरवी नातीला हाक मारायची. त्या दिवशी तिनं स्वतःच ओवला, तोही चष्मा न लावता. आम्ही इतके खूश झालो की भावकीत, शाळेत, जिथं तिथं सांगत सुटलो, अडुसष्टाव्या वर्षी आईची नजर परत आली म्हणून.

दिवाळीत तिला घेऊन परभणीच्या बसस्टँडवर उभा होतो. समोर जिंतूरची गाडी लागली. पाटी दहा-बारा पावलांवर. आई विचारते, "बाळा, कुठली गाडी लागली रं?" आई चौथी शिकलेली आहे, रोज पोथी वाचते. मी पाटीकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि पोटात गोळा आला.

मग एकेक आठवायला लागलं. संध्याकाळी हरिपाठाला जाणं तिनं कधीच बंद केलं होतं, गुडघ्याचं कारण सांगून. खरं कारण असं होतं की समोरून मोटारसायकल आली की उजेड डोळ्यांत फुटायचा, आणि पाऊल कुठं टाकावं ते कळायचं नाही. वाकळीला निळ्या पट्टीवर काळ्या दोऱ्याचे टाके पडले होते. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं.

ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, मधी जवळचा चष्मा सुटला होता का?" मी चाट पडलो. त्यांनी समजावलं ते असं. डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचा मधला गाभा कडक आणि पिवळट व्हायला लागला की भिंगाची ताकद वाढते. त्यामुळं जवळचं काही दिवस स्वच्छ दिसतं आणि लांबचं सुटत जातं. पुढं जवळचंही जातं. म्हणजे आम्ही पेढे वाटावेत असं जे समजत होतो, ती मोतीबिंदूची खूण होती. दोन्ही डोळ्यांत मोती, डाव्यात जास्त.

यानंतर शहाण्यासारखं वागायला हवं होतं. ते झालं नाही. मामा म्हणाले, पिकू दे, कच्च्या मोत्याला हात लावत नसतात. कापूस वेचणीला आला होता. हरभरा झाल्यावर बघू म्हणता म्हणता उन्हाळा लागला, आणि उन्हाळ्यात डोळा चिघळतो असं सगळेच सांगायले. आई तर स्वतःहून काही म्हणतच नव्हती. "मला दिसतंय की, तुमची कामं कशाला बुडवता." मे महिन्यात पहाटे ओसरीच्या पायरीवरून पडली. पायरी आणि अंगण एकाच रंगाचं दिसत होतं तिला. मनगट मोडलं, चाळीस दिवस प्लास्टर.

शेवटी जुलैत डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आधी रक्तातली साखर, बीपी, ईसीजी. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून मिठाचं पाणी सोडून विचारलं, "आजी, घशात खारट लागलं का?" लागलं म्हणजे अश्रूंची नळी मोकळी आहे, तिथं पू साठलेला नाही. ही तपासणी मला फार महत्त्वाची वाटली, कारण तिथला संसर्ग ऑपरेशन झालेल्या डोळ्यात उतरू शकतो. मग भिंगाचा नंबर काढण्यासाठी डोळ्याची लांबी मोजली. ऑपरेशनला वीस मिनिटं लागली असतील. डोळ्याशेजारी भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. आई म्हणाली, टोचलं तेवढं एकदाच, पुढं नुसता उजेड हलताना दिसत होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. वडील समोर धोतर-सदऱ्यात उभे. आई त्यांच्याकडं बघतच राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, ही धोतरं अशी निळी कशानं झाली?"

पांढरं कापड तिला पिवळं दिसत होतं. म्हणून ती वर्षभर धुण्यात नीळ वाढवत गेली होती. आणि आम्हाला वाटायचं साबण बदललाय.

उजव्या डोळ्याचं आता डिसेंबरात करायचंय. आम्ही घालवलेले आठ महिने दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून धागा काढलाय. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांनी विचारा, डॉक्टर मंडळी असतील त्यांनी कृपया वेळ काढून लिहा.

लातूरची_लेक
१९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

नीळ वाचून अंगावर काटा आला. आमच्या सासूबाई डाळीत खडे ठेवतात म्हणून मी मागच्या आठवड्यात चिडले होते. उद्याच नेते.

त्यांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. शुगर असली की ऑपरेशन करत नाहीत असं शेजारच्या काकू म्हणतात. खरं आहे का?

कयाधू
१९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

आमच्या हिंगोलीकडं एक जण डोळ्यात घालायचे थेंब देतो. मध आणि कसला तरी पाला असतो त्यात. मोती विरघळतो म्हणतात. माझे आबा दोन महिने घालायलेत. आग लई होते पण घाण निघायली म्हणून सहन करतात. कुणाला अनुभव आहे का?

डॉ_मांजरा
२० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

ओपीडीच्या आधी लिहितोय, थोडं लांबेल.

कयाधू, आधी तुम्हाला. ते थेंब आजच बंद करा. मोतीबिंदू विरघळवणारं कुठलंही औषध आज उपलब्ध नाही, कुठल्याही पॅथीत नाही. नेत्रभिंग हे पाणी आणि प्रथिनांचं बनलेलं असतं. ही प्रथिनं एका ठरावीक रचनेत असतात म्हणून भिंग पारदर्शक असतं. वयानं, मधुमेहानं, माराने, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा थेंबांनी, उन्हातल्या अतिनील किरणांनी, तंबाखू-विडीनं ही रचना बिघडते आणि प्रथिनांच्या गुठळ्या होतात. दूध नासल्यावर जे होतं तसंच. नासलेलं दूध कशानंही परत दूध होत नाही. भिंगाचं तेच. थेंबांनी जी आग होते ती बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला होणारी इजा आहे. त्यात जखम झाली, जंतू शिरले, तर बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग पडतो. मोती काढता येतो. फूल पडलेला डोळा मात्र बुबुळ बदलल्याशिवाय उजळत नाही, आणि बुबुळ मिळायला नेत्रदाता लागतो. आबांना आजच दाखवा, मोत्यासाठी नाही, बुबुळासाठी.

आता 'पिकू द्या' बद्दल. हे मी आठवड्यातून वीस वेळा ऐकतो. मोती पिकला की भिंग दगडासारखं कडक होतं. मग ते फोडायला जास्त वेळ आणि जास्त शक्ती लागते, बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला त्रास होतो. काही डोळ्यांत भिंग पाणी शोषून फुगतं, पुढं सरकतं, डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतं आणि दाब चढतो. काहींत पिकलेल्या भिंगातला द्रव पाझरून हीच वाट तुंबते. पेशंट अर्ध्या रात्री डोकं धरून, उलट्या करत येतो. घरचे आधी पित्त समजून दोन दिवस काढतात. डोळा लाल, दुखरा, नजर गेलेली, आणि नंतर मोती काढला तरी दाबानं मेलेली नस परत येत नाही.

मग करायचं कधी? रोजच्या कामात अडायला लागलं की. शिवणारी बाई, गाडी चालवणारा माणूस, हिशोब लिहिणारा दुकानदार, प्रत्येकाचं अडणं वेगळं असतं. नुसता मोती दिसला म्हणून घाई नाही, पण पूर्णाकाठ यांच्या आईसारखी पायरी दिसत नसेल तर उशीर झालेलाच आहे.

ऑपरेशनमध्ये काय करतात तेही सांगतो, कारण भीती न कळण्यातून येते. भिंग साधारण नऊ-दहा मिलिमीटर रुंद आणि चार मिलिमीटर जाड, मसुराच्या आकाराचं पण मोठं. त्याला द्राक्षाच्या सालीसारखी पातळ पिशवी असते. फेको नावाच्या पद्धतीत बुबुळाच्या कडेला अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद घेतात, पिशवीला समोरून पाचएक मिलिमीटरचं गोल तोंड पाडतात. मग सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरणारी पोकळ सुई आत घालून भिंगाचा चुरा करतात आणि ओढून घेतात. पिशवी तशीच ठेवतात. घडी घातलेलं कृत्रिम भिंग त्या पिशवीत सोडलं की ते आपोआप उलगडतं. टाका लागत नाही. लोक याला लेझर म्हणतात, पण हे ध्वनिलहरींचं काम आहे. लेझर वापरून छेद घेणारी मशीनं वेगळी आणि महाग असतात.

दुसरी पद्धत एसआयसीएस, म्हणजे लहान छेदातून हातानं केलेलं ऑपरेशन. यात डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करून आख्खा गाभा बाहेर काढतात. हा बोगदा आतल्या दाबानं आपोआप मिटतो, यातही बहुतेकदा टाका नसतो. खूप कडक मोत्याला ती उत्तम पद्धत आहे. सरकारी रुग्णालयात ही केली म्हणून कमी प्रतीचं ऑपरेशन झालं असं समजू नका. चांगल्या हाताची एसआयसीएस वाईट हाताच्या फेकोपेक्षा कितीतरी बरी.

लातूरची लेक, मधुमेह असला तरी ऑपरेशन होतं. साखर आटोक्यात आणावी लागते, आणि त्याआधी बाहुली मोठी करून मागचा पडदा बघावाच लागतो. पडद्यावर मधुमेहाची सूज किंवा रक्तस्राव असेल तर आधी किंवा सोबत त्याचे उपचार लागतात, नाहीतर मोती निघूनही 'पहिल्यासारखं दिसंना' अशी तक्रार राहते. मोती इतका दाट असेल की पडदा दिसतच नाही, तर डोळ्याची सोनोग्राफी करतात.

ऋतूचं म्हणाल तर मे महिन्यातही आमची यादी भरलेली असते. डोळा चिघळतो तो अस्वच्छतेनं. त्यात उन्हाचा दोष नाही.

बालाघाट
२० नोव्हेंबर, दुपारी १:३०

डॉक्टरसाहेब, 'पिकू द्या' हे म्हणणं आलं कुठून ते मी माझ्या आजोबांवरून सांगू शकतो.

बीड जिल्ह्यात आमच्या गावाच्या शाळेत कॅम्प लागायचा. वर्गातली बाकडी बाहेर, आत सतरंज्या. आजोबांचं ऑपरेशन तिथंच झालं, १९७८ च्या सुमारास. आख्खं भिंग पिशवीसकट काढायचे, टाके घालायचे आणि आत दुसरं भिंग बसवायचे नाहीत. डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. आजी वाटीनं पातळ भात भरवायची. नंतर मिळाला तो जाड भिंगाचा चष्मा. त्यातून सगळं पावपट मोठं आणि जवळ दिसायचं. आजोबा तांब्या धरायला जायचे आणि हात अलीकडंच मिटायचा. चौकटीची उभी लाकडं वाकडी दिसायची. चष्मा काढला की काहीच नाही.

अशा ऑपरेशनला नजर पुरती गेल्याशिवाय कोण तयार होणार? थोडं दिसत असलेल्या माणसाला तो चष्मा म्हणजे तोटाच. शिवाय पिकलेलं भिंग आख्खं निघायला सोपं जायचं. तेव्हा 'पिकू द्या' हा शहाणपणाच होता. काळ बदलला, सल्ला तोच राहिला.

त्याच्याही आधी सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेनं, म्हणजे बारीक सळईनं मोती बाजूला सारण्याची क्रिया वर्णन केलेली आहे. भिंग काढायचे नाहीत, उजेडाच्या वाटेतून खाली ढकलायचे. भिंग बाहेर काढण्याचं काम फ्रान्सच्या दाविएलनं अठराव्या शतकात केलं. आणि आत भिंग बसवण्याची कल्पना निघाली ती युद्धातून. इंग्लंडच्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे घुसले होते. हॅरॉल्ड रिडले यांच्या लक्षात आलं की डोळा हे तुकडे मुकाट सहन करतोय, सुजत नाही. त्यांनी त्याच पदार्थाचं भिंग करून २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनमध्ये पहिल्यांदा बसवलं. बऱ्याच सहकाऱ्यांचा विरोध होता, वर्षानुवर्षं. फेकोचं श्रेय चार्ल्स केलमन यांचं, १९६७. दातांच्या डॉक्टरकडं दात साफ करणारी थरथरती सुई बघून त्यांना ते सुचलं.

आपल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने, २००८ चे पद्मश्री. लाखावर मोतीबिंदूची ऑपरेशनं केलेला हा माणूस आपल्या मातीतला. आमच्या आजोबांचा काळ आणि आजचा दिवस यांच्यात असल्या माणसांची पूर्ण हयात गेलीय. हे विसरून अजून मध घालत बसलो तर त्यांच्या कष्टाला काय अर्थ?

सकाळची_ओपीडी
२० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२५

मी परभणीचा नाही, पण शेजारच्या जिल्ह्यात नेत्र चिकित्सा अधिकारीच आहे. गावोगाव तपासणीला जातो.

आधी पैशाचं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, आणि जिल्हा रुग्णालयात त्याखाली ऑपरेशन भिंगासकट मोफत होतं. आता शाळेत ऑपरेशनं होत नाहीत. गावात फक्त तपासणी, मग पेशंट गाडीनं रुग्णालयात नेतात, तिथल्या ऑपरेशन थिएटरात काम होतं आणि परत आणून सोडतात. ओळखपत्र आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. कागदावर नावं लिहून आणू नका, पाकिटंच आणा.

गोळ्यांचं का म्हणतो ते सांगतो. पुरुषांना साठीनंतर लघवीसाठी टॅमसुलोसिन चालू असते. त्या गोळीनं बुबुळामागचा रंगीत पडदा ढिला पडतो, ऑपरेशनात तो फडफडतो आणि सुईत ओढला जातो. आधी माहीत असेल तर डॉक्टर तयारीनं बसतात. पण काका लोक लाजतात, बायको-सुनेसमोर लघवीची गोळी सांगत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच, सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आणि ज्यांना मी गावात शोधतो ती माणसं ओपीडीत येतच नाहीत. म्हातारी आई म्हणते, मला कुठं वाचायचंय. तिचं अडतं ते चुलीपाशी, पायरीवर, सापा-विंचवाच्या अंधारात. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला. म्हणजे तीन आंधळ्यांतली दोघं अशी, की ज्यांना बहुधा ऑपरेशननं दिसू शकतं. त्यांच्या दारात कुणीतरी जावं लागतं. आमच्या आशाताई जातात, उन्हातान्हात, एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावतात. तुम्हीही घरी करून बघा. एक डोळा तळहातानं झाका आणि दाराबाहेरचं काय दिसतं विचारा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची चोरी झाकतो.

गोदाकाठचा
२० नोव्हेंबर, रात्री ११:०२

लिहू की नको असं चालू होतं. लिहितो.

माझ्या चुलत्यांचं ऑपरेशन सोयाबीनच्या सुगीत झालं. दुसऱ्या दिवशी डोळा छान होता, घरी आले. मळणीयंत्र दारात होतं. बसवेना म्हणून तिसऱ्या दिवशी खळ्यावर जाऊन उभे राहिले, गॉगल न लावता. रात्री डोळा ठणकायला लागला. सकाळी लाल, नजर धुरकट. आम्ही म्हणलं धूळ गेली असेल. गुलाबपाणी घातलं. रविवार होता, सोमवारी बाजारच्या दिवशी जाऊ म्हणलं. गेलो तेव्हा डॉक्टरांनी बघताक्षणी संभाजीनगरला पाठवलं. डोळ्यात इंजेक्शनं दिली, दुसरं ऑपरेशन केलं. डोळा राहिला, नजर हाताच्या बोटांपुरती.

धुळीनंच झालं का आणखी कशानं हे कुणीच ठाम सांगितलं नाही. पण आमचा एक दिवस गेला हे मला माहीत आहे.

डॉ_मांजरा
२१ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

लिहिलंत हे फार चांगलं केलंत. हा आतला जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा खेळ असतो. ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, किंवा आलेली नजर कमी झाली, तर रात्र असो, रविवार असो, पोळा असो, त्याच तासाला निघायचं. ऑपरेशननंतर थोडं खुपतं, पाणी येतं, ते दिवसागणिक कमी व्हायला हवं. वाढलं की धोका.

घरी काळजी एवढीच: थेंब घालण्याआधी साबणानं हात धुवा, बाटलीचं टोक पापणीला लावू नका, दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. डोळा चोळायचा नाही, रात्री झोपेत हात जातो म्हणून डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवायची. डोक्यावरून पाणी आणि चुलीचा धूर काही दिवस टाळा. थेंब महिना-दीड महिना हळूहळू कमी करत न्यायचे असतात. बरं वाटलं म्हणून आठव्या दिवशी सोडू नका.

जेवणाचं पथ्य नाही. वरण, भाजी, भाकरी, सगळं खा. शुगरवाल्यांनी शुगरचं पथ्य पाळा. नुसत्या दूध-भातावर ठेवलेली म्हातारी माणसं अशक्त होऊन चक्कर येऊन पडलेली पाहिलीत.

मनाराचा_पूल
२१ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

भिंगाचं कुणी सांगेल का? वडिलांसाठी एका खाजगी दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या माणसानं पाच किमतींचा कागद पुढं ठेवला, सगळ्यात महाग घेतलं की 'आयुष्यभर चष्मा नाही' म्हणाला. आम्ही ते घेतलं, उसनवारी करून. वडिलांना आता रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि ते ट्रॅक्टर चालवतात. डॉक्टरांशी भिंगाबद्दल बोलणंच झालं नव्हतं. माझा राग त्यावर आहे.

डॉ_मांजरा
२१ नोव्हेंबर, रात्री १०:२०

राग रास्त आहे. भिंगाचं बोलणं डॉक्टरांनी स्वतः करायचं असतं, आणि आधी विचारायचं असतं की माणूस दिवसभर काय करतो.

मोनोफोकल भिंग एकाच अंतरासाठी, बहुधा लांबचं स्वच्छ, वाचायला साधा चष्मा. बहुसंख्य लोकांना हेच योग्य, आणि उजेडाची गुणवत्ता यात चांगली. मल्टिफोकल भिंग उजेड वाटून दोन-तीन अंतरांवर पाठवतं. चष्मा सुटू शकतो, पण दिव्यांभोवती कडी दिसणं आणि अंधारात थोडं फिकं दिसणं हा त्याचा स्वभाव आहे. रात्री गाडी चालवणाऱ्याला, किंवा पडद्याचा आजार असणाऱ्याला मी ते सहसा सुचवत नाही. टोरिक भिंग हे तिरक्या (सिलिंडर) नंबरासाठी, ज्यांना तो आहे त्यांनाच. कडी दिसण्याची बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते. वडिलांना त्याच डॉक्टरांकडं नेऊन शांतपणे हे सांगा, तोपर्यंत रात्री ट्रॅक्टर नको.

आणि भिंगाच्या पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर नंबर असतो, जसं अधिक २१.५, आणि कंपनीचा क्रमांक. तो कार्डावर चिकटवून जपा.

वेरूळ_रोड
२२ नोव्हेंबर, सकाळी ९:४८

दोन वर्षांपूर्वी आईचं झालं, छान दिसत होतं. आता परत धुकं. मोती परत आला का?

सकाळची_ओपीडी
२२ नोव्हेंबर, दुपारी २:०५

मोती परत येत नाही, भिंग काढलेलंच आहे. जी पिशवी ठेवतात तिची मागची बाजू काहींना धुरकट होते. याग लेझरनं तिला मधोमध छोटी खिडकी पाडतात. बसल्या बसल्या पाच मिनिटांचं काम, भूल नाही, पट्टी नाही, त्याच दिवशी घरी.

तेरणा
२२ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आमच्या दादांचं उलट झालं, ते सांगते. धाराशिवकडं आमच्या गावात सगळे म्हणायचे, मोती आहे, पिकू द्या. चष्म्याच्या दुकानात दर सहा महिन्यांनी नंबर बदलून घ्यायचे. दादा चालताना बाजूच्या खांबाला धडकायचे, पण समोरचं वाचायचे. आम्हाला ते वेगळं वाटलंच नाही. शेवटी नेलं तर काचबिंदू. डाव्या डोळ्याची नस वाळून गेली होती. आता उजवा वाचवायला रोज थेंब, जन्मभर.

नावं सारखी, आजार वेगळे. मोत्याची गेलेली नजर ऑपरेशननं परत येते. काचबिंदूची येत नाही. घरात बसून ठरवू नका हो, कुठला आहे ते.

दुधनाकाठ
२३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

धागा मोठ्या माणसांचा आहे, पण विचारते. बहिणीचं लेकरू पाच महिन्यांचं. मोबाइलच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकते, दुसऱ्याची लाल. लेकरांना पण मोती असतो का?

डॉ_मांजरा
२३ नोव्हेंबर, सकाळी ७:२२

असतो. जन्मतःही असतो, कधी गरोदरपणातल्या रुबेलाच्या संसर्गामुळं, कधी आनुवंशिक. पण पांढऱ्या बाहुलीमागं डोळ्यातली गाठही असू शकते, म्हणून हे थांबण्यासारखं नाही. आज किंवा उद्या लेकरांचे डोळे तपासणाऱ्या मोठ्या केंद्रात दाखवा. मोती असला तरी लेकरात घाई लागते. डोळ्यात चित्र गेलंच नाही तर मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकत नाही, आणि उशिरा केलेलं ऑपरेशन वाया जातं. जालना जवळ असेल तर गणपती नेत्रालयात लेकरांचा विभाग विचारा, नाहीतर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जा.

दुधनाकाठ
२३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

जाऊन आलो. दोन्ही शक्यता तपासल्या. मोतीबिंदूच आहे, गाठ नाही. पुढच्या आठवड्यात तारीख दिलीय. बहीण आता झोपलीय, चार दिवसांनी पहिल्यांदा.

कयाधू
२४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

आबांचे थेंब बंद केले. बुबुळावर बारीक जखम होती, औषध चालू आहे, भरायली म्हणाले. भरल्यावर मोत्याचं करू म्हणाले. आबा विचारायले, उदगीरच्या लायन्स नेत्र रुग्णालयात जावं का नांदेडला. कुठंही चालेल, जिथं आबा तयार होतील तिथं जाऊ म्हणलं.

एक विचारायचंय. मोत्याचं ऑपरेशन झालेल्याला नेत्रदान करता येतं का? आबांनी फॉर्म भरलेला आहे, ते काळजीत पडलेत.

सकाळची_ओपीडी
२४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

येतं. दान बुबुळाचं असतं, भिंगाचं नाही. आबांना माझा नमस्कार सांगा.

लातूरची_लेक
२५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

सासूबाईंच्या पडद्यावर थोडी सूज निघाली. आधी इंजेक्शन, मग मोती. त्यांनी डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं, "सहा महिने झाले, मला सुनेचं तोंड नीट दिसत नाही." मला एकदाही बोलल्या नव्हत्या. डाळ मी निवडते आता.

पूर्णाकाठ
११ डिसेंबर, रात्री ८:१५

आईचा उजवा डोळा काल झाला. या वेळी तिनंच बॅग भरली. मिठाच्या पाण्याच्या तपासणीला आधीच सांगितलं, "खारट लागलं की मी सांगते, तुम्ही विचारू नका."

शेजारच्या पलंगावर मानवतच्या एक आजी होत्या, एकट्या आलेल्या, थरथरत होत्या. आईनं त्यांचा हात धरून ठेवला होता थिएटरच्या दारापर्यंत.

आज घरी आल्यावर तिनं ती वाकळ काढायला लावली. निळ्या पट्टीवरचा काळा दोरा उसवायचा म्हणते. डॉक्टरांनी काही दिवस वाकून काम करू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळं वाकळ मी कपाटावर ठेवलीय. थेंबांच्या वेळा भिंतीवर लिहिल्यात, नात घड्याळ बघून हाक मारते.